ही कुणाची आजी?

मागच्या मे महिन्यात माझी भाची पाच वर्षांची झाली. बहीण सुट्टीसाठी तिला घेऊन पुण्याहून सोलापूरला आली होती. वाढदिवसाला काय द्यायचं या विचारात आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजले आणि मग मी माझ्या धंद्याला शोभेल असं काम केलं. एका एआय टूलला सांगितलं, पाच वर्षांच्या मुलीसाठी 'मोठ्या आजीचं घर' नावाचं चित्रांचं पुस्तक कर. आजी सोलापूरची आहे, म्हातारी आहे, प्रेमळ आहे. चाळीस मिनिटांत आठ पानं तयार झाली. सकाळी सात रस्त्याजवळच्या एका दुकानातून रंगीत प्रिंट काढल्या, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि सगळे मिळून कुंभारीला आजीकडे गेलो.

मोठी आजी म्हणजे माझी आजी, भाचीची पणजी. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. भाचीनं पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, आणि विचारलं, "मामा, ही कुणाची आजी?"

"आपली मोठी आजी."

तिनं एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग ठामपणे म्हणाली, "नाही. ही दुसरीच आहे."

तिचं बरोबर होतं. पुस्तकातल्या आजीचा पांढराशुभ्र अंबाडा होता, सोनेरी काडीचा गोल चष्मा होता. ती डुलत्या खुर्चीत बसून लोकर विणत होती. सोलापुरात, जिथं मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तिथं ही बाई स्वेटर विणत होती. घराला उतरतं कौलारू छप्पर होतं आणि खिडकीतून दोन डोंगर दिसत होते.

डोंगर पाहून मात्र मला हसू आलं, कारण ते माझे होते. शाळेत चित्रकलेच्या तासाला 'निसर्गचित्र' काढा म्हटलं की वर्गातली पन्नास मुलं एकच चित्र काढायची. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहत येणारी नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात इंग्रजी 'व्ही'सारखे चार पक्षी. सोलापूर हे सपाट माळावरचं गाव आहे. आम्ही पाहिलं होतं ते सिद्धेश्वर तळं, भुईकोट किल्ला, गिरण्यांची धुराडी, वाळत घातलेलं सूत, बाभळी. पण वहीत कधी बाभूळ आली नाही. निसर्ग म्हणजे डोंगर, हे आधीच ठरलेलं होतं.

आमच्या कामात याला 'डिफॉल्ट' म्हणतात. तुम्ही काहीच निवडलं नाहीत तर आपोआप निवडलं जातं ते. डिफॉल्ट वाईट नसतं, त्याच्याशिवाय एकही सॉफ्टवेअर चालणार नाही. पण ते कुणा एकासाठी केलेलं नसतं. माझ्या पुस्तकातली आजी डिफॉल्ट आजी होती. जगातल्या असंख्य चित्रांची सरासरी काढून आलेली, कुणाचीच नसलेली.

*

त्याच दिवशी बहिणीनंही मुलीला पुस्तकं दिली होती. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर'. राधा नावाची छोटी मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढंच त्यात आहे. राक्षस नाही, परी नाही, शेवटी तात्पर्य नाही. भाची ती पुस्तकं घेऊन कोपऱ्यात बसली आणि अर्धा तास उठली नाही. माझं पुस्तक खाटेवर पालथं पडलं होतं.

मला राग आला, हे कबूल करतो. म्हणून मी त्या रात्री माधुरी पुरंदरे यांच्याविषयी मिळेल ते वाचत बसलो. या बाईंना असं काय सुचतं जे मला सुचत नाही, हे शोधायचं होतं. चित्रकाराच्या आयुष्यात कुठंतरी एक विजेचा क्षण असतो, सफरचंद पडतं आणि 'प्रेरणा' मिळते, अशी माझी समजूत होती.

सापडली ती कामांची यादी. जन्म १९५२ चा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. मग फ्रेंच शिकणं आणि शिकवणं, फ्रेंचमधून मराठीत अनुवाद, पिकासोचं चरित्र. मराठी रंगभूमीवर अभिनय, गाणं. त्यांच्या आई निर्मलाताई पुरंदरे यांची 'वनस्थळी' ही संस्था खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांना बालवाडी चालवायला शिकवायची, त्या संस्थेचं काम. मुलांसाठी मराठी साहित्यातले वेचे आणि भारतीय चित्रं-शिल्पं एकत्र आणणारं 'वाचू आनंदे', भाषेचा पाया पक्का करणारं 'लिहावे नेटके', आणि लहान मुलांसाठी स्वतः लिहिलेली, स्वतःच चित्रं काढलेली पुस्तकं. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. २०१६ साली 'बिग लिटल बुक अवॉर्ड' पहिल्यांदा दिलं गेलं, तेव्हा लेखनाचा सन्मान त्यांना मिळाला आणि चित्रांचा अतनु राय यांना. चित्रं काढणाऱ्या बाईंचा लेखिका म्हणून गौरव झाला याची मला गंमत वाटली. त्यांच्याबाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नसाव्यात.

ही यादी पुन्हा पुन्हा वाचताना मला वाटायला लागलं की हे सगळं एकाच कामाचं प्रशिक्षण आहे. अनुवाद करणाऱ्याला सतत विचारावं लागतं, इथं नेमकं काय म्हटलंय? नट असेल तर, हा माणूस बसतो कसा, उठतो कसा? बालवाडीच्या शिक्षिकेला, या मुलाला आत्ता काय दिसतंय? प्रत्येक ठिकाणी पहिलं सुचलेलं उत्तर बाजूला ठेवून पुन्हा पाहायचं. मुलांच्या पुस्तकातला चित्रकार दुसरं काय करतो? आपण ज्याला प्रेरणा म्हणतो ती बहुधा वरून पडत नाही. ती म्हणजे डिफॉल्टला वारंवार दिलेला नकार असतो. आणि तो दर पानाला नव्यानं द्यावा लागतो.

याला फार धीर लागतो. अमेरिकेत एझ्रा जॅक कीट्स नावाचा चित्रकार होता. पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांचा ब्रुकलिनमधला मुलगा. १९४० साली त्यानं 'लाइफ' मासिकातून एका छोट्या कृष्णवर्णीय मुलाचे चार फोटो कापून ठेवले. पुढे तो दुसऱ्यांच्या पुस्तकांना चित्रं काढायला लागला, आणि त्याच्या लक्षात आलं की असा मुलगा कुठल्याच पुस्तकाचा नायक नसतो. ते फोटो तो अधूनमधून भिंतीवर लावून पाहत राहिला. १९६२ मध्ये त्यानं 'द स्नोई डे' केलं. पीटर नावाचा मुलगा लाल कोट घालून बर्फात खेळायला जातो, बस. पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतल्या चित्रपुस्तकांचा सर्वांत मोठा मान, कॅल्डेकॉट पदक मिळालं. चार फोटो आणि बावीस वर्षं. माझी चाळीस मिनिटं आठवून मी लॅपटॉप बंद केला.

*

दुसऱ्या दिवसापासून काम संपल्यावर मी गाडी काढून कुंभारीला जायला लागलो. सोबत एक कोरी वही आणि पेन्सिल. ठरवलं होतं की आजीचं घर खरोखर पाहून काढायचं.

हे घर म्हणजे गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली वसाहत. १०,०२० घरं. नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं झालेली, २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते मिळालेली. एकाच नकाशावरून बांधलेली दहा हजार घरं, म्हणजे डिफॉल्टचा याहून मोठा नमुना कुठं मिळणार? पण रिक्षा गल्लीत वळली की भाची लांबून ओरडते, "ते आपलं घर!" तिला कसं कळतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं. ती म्हणाली, "निळं पिंप आहे ना. आणि शेजारच्या काकूंच्या दारात कोंबडी असते. आणि आपल्या पायरीचा कोपरा खाल्लाय कुणीतरी." वीस वर्षांत मी तो तुटका कोपरा पाहिला नव्हता. मी तिथं शेकडो वेळा बूट काढलेत.

मग आजी. मी रोज तासभर तिच्यासमोर बसायचो. मला चित्र येत नाही. पण येत नसल्यामुळेच पाहावं लागत होतं. ती एक गुडघा उभा करून बसते, उजवा. पाठ वाकलेली नाही, मान वाकलेली आहे. आणि हात. आजीनं जवळजवळ पन्नास वर्षं विड्या वळल्या. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा आणायचा, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कातरायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचं, संध्याकाळी मोजून द्यायचं, आणि खराब म्हणून काढलेल्या विड्यांचं नुकसान सोसायचं. मजुरी हजारावर. काही वर्षांपूर्वी डोळ्यांमुळे तिनं ते सोडलं. पण टीव्ही पाहताना तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं अजून आपसूक फिरत असतात. पदराचं टोक हातात आलं तर त्याची सुरळी होते.

ते हात मी पाच संध्याकाळ काढले. पाचव्या दिवशी जमल्यासारखे वाटले. मांडीवर सूप, सुपात पानं, फिरणारी बोटं. मी मनातून खूश होतो. डुलती खुर्ची गेली होती आणि माझी खरी आजी कागदावर आली होती.

वही तिच्यासमोर धरली. तिनं बराच वेळ पाहिलं.

"हे काय काढलास?"

"तुला काढलोय की."

"विड्या वळतानाच काढायचं होतं व्हय? पन्नास वर्षं तेच केले. कागदावर तरी निवांत बसू दे की."

मी म्हटलं, मग कशी काढू?

"वाचत बसलेली काढ."

आजीला वाचता येत नाही. सही करते, पण तीही अक्षरं लिहिल्यासारखी नाही, चित्र काढल्यासारखी. घराच्या अर्जासाठी शिकली होती.

*

इथं मी अडकलो, आणि हा लेख खरं तर त्या अडकण्याचा आहे.

एका बाजूला खरेपणा होता. मुलांना खोटं दाखवू नये, त्यांच्या घरातली खरी माणसं, खरी कामं पुस्तकात यावीत, असं मला मनापासून वाटतं. विडी वाईट, म्हणून विडी वळणाऱ्या बाईला मुलांच्या पुस्तकात जागा नाही, असं म्हटलं तर सोलापुरातल्या हजारो मुलांच्या आया आणि आज्या पुस्तकाबाहेर राहतील. दुसऱ्या बाजूला जिचं चित्र आहे तिची इच्छा होती. तिचा चेहरा, तिचे हात. त्यांचं काय करायचं हे ठरवणारा मी कोण?

मोठ्या चित्रकारांनी हा प्रश्न कसा सोडवला? बहुतेकांनी सोडवलाच नाही. मॉरिस सेंडाकच्या १९६३ सालच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मधले ते केसाळ, सुळ्यांचे, पिवळ्या डोळ्यांचे राक्षस म्हणजे त्याचे नातेवाईक आहेत. रविवारी घरी येणारे, गाल ओढणारे, 'किती गोड, खाऊनच टाकावा' म्हणणारे काका आणि मावश्या. हे त्यानंच सांगून ठेवलंय. त्या मावश्यांना काय वाटलं असेल? कीट्सनं ज्याचे फोटो वर्षानुवर्षं जपले त्या मुलाला तर त्याचा पत्ता असण्याचंही कारण नव्हतं. दोन्ही पुस्तकं अजोड आहेत. पण पुस्तक अजोड झालं की न विचारणं आपोआप माफ होतं का? मला तसं वाटत नाही. आणि विचारूनच काढायचं ठरवलं असतं तर ती दोन्ही पुस्तकं झाली असती का, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

माझ्यापुरतं मात्र एक उत्तर होतं, आणि ते लाजिरवाणं होतं. तीन वर्षांपूर्वी नोकरी बदलताना मी एका वेबसाइटवर पोस्ट टाकली होती. आजीच्या हातांचा फोटो आणि वर, 'या हातांनी विड्या वळल्या म्हणून माझे हात आज कोड लिहितात.' लोकांनी भरभरून लाइक केलं. दोन कंपन्यांच्या एचआरनी स्वतःहून मेसेज केले. आजीला मी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

वहीतलं चित्र आणि ती पोस्ट शेजारी ठेवून पाहिली तेव्हा लक्षात आलं. सूप, पानं, झिजलेली बोटं, हेही डिफॉल्टच होतं. 'प्रेमळ आजी' म्हटलं की डुलती खुर्ची येते, तशी 'गरीब आजी' म्हटलं की कष्टाचे हात येतात. पाच दिवस समोर बसून मी बोटं बघितली, पण माझ्यासमोर बसलेली बाई आता विड्या वळत नव्हती. ती टीव्ही पाहत होती, भाचीची वेणी घालत होती, दुपारी पंख्याखाली लोळत होती. ते मी काढलं नाही. मला जे मोठं वाटलं, ज्यानं मी मोठा दिसतो, ते काढलं. पाहणं म्हणजे समोरची वस्तुस्थिती टिपणं, इतकं सोपं ते नाही. वस्तुस्थितीतलं आपल्याला सोयीचं तेवढंच आपण टिपतो. 'कशी काढू?' हा प्रश्न मी सहाव्या मिनिटाला विचारायला हवा होता. विचारला सहाव्या दिवशी, तोही तिनं नाराजी दाखवल्यावर.

पोस्ट त्याच रात्री काढून टाकली. तीही तिला न विचारता, हे नंतर लक्षात आलं.

*

मग काय काढलं, ते सांगतो.

दोन दिवसांनी गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. भाची आजीला टेकून बसली होती आणि आजीच्या हातात पुस्तक होतं. माझंच ते, स्पायरलवालं. आजी भाचीला वाचून दाखवत होती.

"ही आजी थंडीच्या गावची आहे. म्हणून स्वेटर विणायली. हिचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, म्हणून लेकानं खुर्ची आणून दिली. लेक लांब असतो."

"मग ती रडते?"

"कशाला रडते? तिला डोंगर दिसतो की खिडकीतून. आपल्याला दिसतो का?"

मी दारातच थांबलो. ज्या चित्रांत कुणीच नव्हतं त्यांत आजीनं माणूस बसवला होता. मग वाटलं, चित्रकारानं पाहिलं काय आणि न पाहिलं काय, वाचणारा भरून घेतो की! पण आजी भरू शकली, कारण ऐंशी वर्षं तिनं बायका पाहिल्यात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचा लेक लांब असतो, हे तिच्या गाठीला आहे. भाचीची गाठ अजून रिकामी आहे. ती आत्ता कुठं निळं पिंप आणि तुटकी पायरी गोळा करतेय. तिच्या हातात जे पुस्तक येईल ते पाहून काढलेलं असावं, ते एवढ्यासाठी.

माधुरी पुरंदरे यांच्या एका पुस्तकाचं नाव 'चित्रवाचन' आहे. मुलांनी चित्रं पाहावीत, त्यातलं शोधावं, त्यावर बोलावं यासाठी केलेलं. त्या दुपारी त्या शब्दाचा अर्थ मला नीट कळला. आजी वाचत होती. वाचत बसलेली काढ, असं ती म्हणाली तेव्हा ती खोटं काढायला सांगत नव्हती. मलाच वाचणं म्हणजे अक्षरं एवढंच ठाऊक होतं.

"अशी काढू?" मी विचारलं.

"काढ. नाक नीट काढ फक्त."

उजवा गुडघा उभा. मांडीवर सुपाच्या जागी पुस्तक. पानाखाली डावा तळवा, तेंदूच्या पानाखाली असायचा तसाच. उजव्या हाताची तीन बोटं पानाच्या कोपऱ्याशी, उलटायच्या तयारीत. हात मी मुद्दाम काढले नाहीत, ते आपोआप आले. कारण हात तेच आहेत. आजीनं चित्र पाहिलं, म्हणाली, "नाक मोठंच केलास. पण असू दे."

भाचीनं वही ओढून घेतली. ही कुणाची आजी, हे तिनं या वेळी विचारलं नाही. कागदावर बोट फिरवत काहीतरी शोधत राहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली,

"मामा, मी कुठंय?"

ती आजीला टेकून बसली होती. मी काढायलाच विसरलो होतो.